धुतलेल्या सुया

"बाई, खरं सांगा. एक सुई किती जणांना टोचत होते?" रिना मॅडमनी विचारलं.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून आरोग्य खात्याची माणसं बसली होती. गिरजा खाली मान घालून उभी होती. बाजूला तिचा नवरा मंगरू. तो हळूच म्हणाला, "त्याचं नाव नोको सांगू. त्यानं माहा जीव वाचवला."

खोटं नव्हतं ते. बारा वर्षांपूर्वी मंगरू तलावावरून जाळं घेऊन आला तो हिवतापानं फणफणतच. पुरानं रस्ता तुटलेला. भूपेश डॉक्टर नाल्याकाठी मोटरसायकल टाकून कमरेएवढ्या पाण्यातून आला आणि छपराच्या आडव्या मयालीला सलाईन टांगून दोन दिवस उशाशी बसून राहिला. तेव्हापासून गिरजा त्याला राखी बांधायची. दर मंगळवारी आणि शनिवारी त्याचा दवाखाना तिच्याच छपरीत भरायचा. पदवी कोणी विचारली नाही. गिरजा पाणी तापवायची, तो देईल त्या सुया धुऊन वाटीत ठेवायची.

"गरम पाण्यातून काढ बाई, नवीवानी होते," तो म्हणायचा.

पोळ्याच्या सुमारास सून पुनमचे डोळे पिवळे झाले. अन्न समोर आलं की उलटी. गावात आणखी तिघांचं तसंच. झाडपाला झाला, उतारा झाला. शेवटी चंद्रपूरला रक्त तपासलं तेव्हा हिपॅटायटीस सी निघाला. मग गावाचं रक्त घेतलं. एकोणीस जण सापडले, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास नव्हता.

"हा पाण्यातून येत नाही," मॅडमनी सगळ्यांना सांगितलं होतं. "एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं की येतो. सुईतून जातो."

उन्हाळ्यात पुनमला ताकदीच्या चार सुया दिल्या होत्या. हाताला धरून तिला गिरजानंच बसवलं होतं.

काल सकाळी तिनं भूपेशला फोन लावला. "भाऊ, तुमी एकडाव या न. तुमी असं काई केलं नाई म्हून सांगा या लोकायले."

पलीकडून तो म्हणाला, "मी तर नव्याच सुया आणत होतो. जुन्या धुऊन वाटीत कोणं ठेवल्या? तू. मले काऊन इचारून राह्यली?"

फोन कटला.

संध्याकाळपर्यंत हेच हातपंपावर पोचलं होतं. त्यानं आणखी कोणाकोणाला फोन केले होते. गिरजा आली तशी बायनाबाईनं अर्धीच भरलेली घागर उचलली आणि निघून गेली. घरी पुनमनं विचारलं, "माय, तुमाले मालूम होतं का?"

"नाई वं," गिरजा म्हणाली.

आता तिनं मंगरूकडे पाहिलं. "वाचवला, तेबी सांगन मी." मग टेबलाकडे वळली. "लिहा मॅडम. भूपेश डॉक्टर. सुया तो देत होता, मी धुत होतो. त्याच सुया मंग दुसऱ्यायले टोचत होता."

"तुम्हाला माहीत नव्हतं, असं लिहिते."

"लिहा. पन धुतल्या, ते खोडू नोका."

मंगरू तिथून निघून गेला. गिरजानं एकेक अक्षर जोडत सही केली.

"पुनमच्या गोळ्या सुरू करू," मॅडम म्हणाल्या. "बारा आठवडे. बहुतेक लोक बरे होतात. आणि तुमचं रक्त राहिलंय. तुम्ही पण सुया घेतल्या असतील ना?"

"गुडघ्यायसाठी. लय घेतल्या."

ती खुर्चीवर बसली. दीपिका सिस्टरनं सुईचं पाकीट तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि टर्रकन फाडलं. बारा वर्षांत गिरजाच्या छपरीत हा आवाज कधीच झाला नव्हता. तिनं बाही वर सारली आणि हात पुढे केला.