काकांच्या गळ्यातलं लोहचुंबक

लोकांच्या गळ्यात चष्मा असतो, काकांच्या गळ्यात लोहचुंबक असायचं. काळ्या दोरीला बांधलेलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाल्यावर माणसाने जरा स्वस्थ बसावं की नाही? तर यांना आकाशातून पडलेल्या दगडांचं वेड लागलं. वाटेत काळा दगड दिसला की हात आपोआप गळ्याशी जायचा आणि चुंबक टक्क करून दगडाला चिकटायचं. चिकटलं की स्वारी खूश. घरी आणून घासून बघावं तर निघायचा कुठल्यातरी भट्टीतला लोखंडाचा गाळ. काकू त्यांना दगडोबा म्हणायच्या, तेही तोंडावर.

कपाटात खऱ्या उल्का होत्या, नाही असं नाही. पण सगळ्या विकतच्या, नाहीतर अदलाबदलीच्या. बटणाएवढ्या एका चकतीसाठी काकांनी आपली चांगली दुर्बीण घड्याळवाल्याला देऊन टाकली होती. हा घड्याळवाला त्यांचा दोस्त आणि या नादातला गुरू. त्याला स्वतःला एकदा माळावर उल्का सापडली होती, आणि ते तो कोणाला विसरू देईल तर शपथ. "विकत काय, कोणीही घेतं," चहा फुंकत तो म्हणायचा, "सापडायला पाहिजे." काका हसून सोडून द्यायचे. पण तो गेला की उगीचच कपाटासमोर उभे राहायचे, आणि काकूंना ते बघवायचं नाही.

मग एका संध्याकाळी आभाळात उजेडाचा गोळा फुटला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि अख्ख्या गावाला काकांचं वेड लागलं. विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी पेपरात सूचना दिल्या. काकांनी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. दगड सापडला तर भिजू देऊ नका, आणि मुख्य म्हणजे चुंबक लावू नका. दगड घडला तेव्हाचं चुंबकत्व त्याच्यात अब्जावधी वर्षं टिकून असतं. ती त्याची आठवणच म्हणा. एकदा चुंबक टेकवलं की सगळी पुसली जाते.

"ऐकतेस ना?" काकांनी विचारलं.

"हूं," काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराने एक काळा खडा आणून दिला आणि काकांचा हात सवयीने गेलाच. टक्क. मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. नशीब, तो गाळच होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

त्यानंतर काका दोस्ताबरोबर रोज माळ तुडवू लागले. आणि दगड पडला होता कुठे? त्यांच्याच गच्चीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काकू वाळलेले कपडे काढायला गेल्या, तर मधल्या फरशीला तडा गेलेला आणि कठड्याशी लिंबाएवढा काळाभोर दगड. एका बाजूचा टवका उडाला होता, आतून सिमेंटसारखा करडा, त्यात बारीक चमचमणारे कण. इतकी वर्षं ऐकून ऐकून काकूंना आता कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी तो कोऱ्या फडक्यात उचलला.

पण पुढे काय? यांना हाक मारावी तर हात गळ्याशी जाणार, आणि टक्क. एवढी जुनी आठवण एका क्षणात गेली तर हे जन्मात स्वतःला माफ करणार नाहीत. बरं, परस्पर बाईंना फोन करावा, तर उल्का सापडणार काकूंना. ह्यांचं कपाट विकतचं ते विकतचंच राहणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

काका अंघोळीला गेले तेव्हा खुंटीवरचं चुंबक काकूंनी हळूच काढलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. मग गच्चीवर गेल्या. आभाळ भरून आलं होतं. दगड भिजायला नको, म्हणून टाकीशेजारच्या पत्र्याच्या आडोशाखाली कोरफडीची कुंडी होती, तिच्यामागे त्यांनी तो ठेवला.

बाहेर येऊन काकांनी घर डोक्यावर घेतलं. "माझं चुंबक कुठे गेलं?"

"मला काय विचारता? सकाळी झाडांना पाणी घालायला वाकला होतात. कोरफडीच्या मागे बघा."

काका गेले ते बराच वेळ आले नाहीत. शेवटी काकूच वर गेल्या. काका फरशीवर मांडी घालून बसले होते, तळहातावर रुमाल आणि रुमालात दगड. त्यांचा डावा हात छातीशी जाऊन रिकामाच परत आला.

"बघ," ते म्हणाले. "वजन बघ. ही वरची जळकी साल बघ. चुंबकाशिवाय ओळखला मी."

काकूंच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. काकांनी डोळे पुसले, मान वर केली आणि डोक्यावरच्या पत्र्याकडे बघितलं. मग तडा गेलेल्या फरशीकडे. मग काकूंकडे. "चल खाली," एवढंच म्हणाले. "बाईंना फोन लावतो."

फोनवर ते अगदी शांतपणे बोलत होते. "नाही, चुंबक लावलेलं नाही. पाण्याचा थेंबही नाही. कोणाला सापडला?" काकूंनी श्वास रोखला. "माझ्या बायकोला."

"अहो, असं काय सांगितलंत?" फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या. "तुम्हाला सापडावा म्हणून तर मी एवढा..."

"अगं, आकाशातून पडलेला दगड पत्र्याला भोक न पाडता पत्र्याखाली कसा जाईल?"

काकू ओशाळल्या. "भिजेल म्हणून ठेवला. तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना."

काका म्हणाले, "मला वाटायचं, तू काही ऐकतच नाहीस."

"सगळं ऐकते," काकू म्हणाल्या. "फक्त हूं म्हणते."

बटणांचा डबा आणून त्यांनी काकांपुढे ठेवला. चुंबकाला घरातल्या सगळ्या टाचण्या चिकटल्या होत्या. काकांनी झाकण लावलं आणि डबा परत काकूंच्या हातात दिला.