मला विचारा, बेंच म्हणजे काय

मित्रांनो, आधी बसा. कोणी उभ्याने माझी गोष्ट ऐकू लागला की माझे डोकेच फिरते. मी एक जुना बेंच आहे. मी असा चिडका का झालो, ते ऐका.

एकोणीसशे बारा साली परशराम सुतारांनी मला खानापूरच्या सागवानातून घडवले. मुलांना टोचू नये म्हणून कडा गोल केल्या, टेकायची फळी जराशी कलती ठेवली. मग मी बैलगाडीतून बेळगावच्या कॅम्पातल्या एका शाळेत, इंग्रजी पहिलीच्या, म्हणजे आताच्या पाचवीच्या वर्गात गेलो. आता चार मुले अंगावर बसतील, म्हणून मी खुशीत होतो.

कसले काय! पाढा चुकला, बेंचवर उभा राहा. उशीर झाला, बेंचवर उभा राहा. मास्तरांच्या तोंडी माझे नाव यायचे ते रागावतानाच.

त्या वर्गात उचगावचा रवळू होता. शेतकऱ्याचा मुलगा, पहाटे चालत निघायचा तरी उशीर व्हायचाच. त्याच्या घरी सगळे जमिनीवर बसत, त्यामुळे बेंच त्याने पाहिला तो वर्गातच. एकदा मास्तरांनी इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारले. बेंच म्हणजे काय?

रवळू मोठ्या उमेदीने म्हणाला, "चुकल्याल्या पोरास्नी उभं करायची जागा."

वर्ग हसला. मास्तरांना ती थट्टा वाटली. अहो, मुलाने जे रोज पाहिले तेच सांगितले ना? पण शिक्षा काय, तर आठवडाभर माझ्यावरच उभा! त्याच्या पायांची थरथर मला कळत होती आणि मला त्याला खाली बसवता येत नव्हते. त्या शनिवारी तो गेला, तो शाळेत परत आलाच नाही.

पुढे माझा एक पाय डुगडुगू लागला आणि शाळेने मला काढून टाकले. कॅम्पातल्याच दत्तोपंत डॉक्टरांनी तो पाय दुरुस्त करून मला दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवले. इथला नियम सरळ होता. येईल त्याने बेंचवर बसायचे, पुढचा आत गेला की सरकायचे. बेंच रिकामा झाल्याशिवाय डॉक्टर जागचे उठत नसत.

एका सकाळी रवळू आला. आता त्याला मिशा होत्या आणि खांद्यावर तापाने फणफणलेली सहा वर्षांची लेक मालू. कंपौंडर उपेंद्रने माझ्याकडे बोट केले आणि म्हणाला, "बेंचवर."

रवळूचा चेहरा उतरला. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याच्यामागून आलेले बसले, सरकले, आत गेले, औषध घेऊन घरीही गेले. हा आपला उभाच. अरे बाबा, बस की! माझा जीव नुसता तळमळत होता. दुपार झाली, शेवटचा माणूस आत गेला. बाहेर टांगा येऊन थांबला होता. डॉक्टर परगावी निघणार होते, ते दोन दिवसांनीच परतणार होते. मालूला डोळे उघडे ठेववत नव्हते.

रवळूने उपेंद्रपुढे हात जोडले. तोही सकाळपासूनचा वैतागलेला. म्हणाला, "तुम्ही बेंचवर नव्हता. मग नंबर कसा लागणार?"

"त्येच्यावर म्या न्हाय चढणार," रवळू म्हणाला. "लई उभा ऱ्हायलोय."

उपेंद्रला काहीच उमगले नाही. तेवढ्यात मालू बापाच्या खांद्यावरून घसरत खाली उतरली, माझ्यावर येऊन बसली आणि तिने मागे टेकून डोळे मिटले.

"आप्पा, तू बी बस की," ती पुटपुटली. "पाय दुखत असत्याल."

दार उघडले. टोपी घालून निघालेल्या डॉक्टरांना बेंचवर मालू दिसली. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि तिला उचलून आत नेले. टांगेवाल्याने दोनदा हाक मारली, पण ते तासाभराने बाहेर आले.

औषधाची बाटली घेऊन रवळू आणि मालू व्हरांड्यात आले. आता बसायचे काही कारण नव्हते. तरी रवळू थांबला. हाताने माझी फळी चाचपली, आणि हळूच लेकीला घेऊन बसला. सोळा वर्षांनी त्याने माझ्यावर पाठ टेकली.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, सैल खिळे ठोका. पण नाही जमले तरी चालेल. कोणाला माझ्यावर उभे मात्र करू नका.