गोरट्याची तारीख

रोह्याच्या त्या प्रयोगशाळेला एकच खिडकी, आणि तीही न उघडणारी. आत समीक्षा तिसऱ्यांदा तोच आकडा पाहत होती. तांबड्या रताळ्यात स्टार्च शंभरात बावीस. केशरी रताळ्यात वीस. गोरट्यात पंधरा.

गोरटं म्हणजे तिच्या सासूचं पांढरं रताळं. बायजाबाई लग्न होऊन वरसे गावात आल्या, तेव्हा पेणजवळच्या माहेरातून पदरात हातभर वेल बांधून आणलेला. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यात चाळीस वर्षं तो मातीखाली हातपाय पसरत राहिला. आता मालकानं तो तुकडा विकला. होळीनंतर तिथं इमारतीचा पाया खणणार. घरापुढं फरशी, घरामागं भिंत. वेलाला टेकायला ओंजळभर मातीही उरणार नव्हती.

वाट एकच होती. पिठासाठी गावठी वाण निवडणारा हा प्रकल्प. ज्या वाणात स्टार्च सगळ्यांत जास्त, त्याला या संशोधन केंद्राच्या शेतात कायमची जागा.

"पंधरा?" प्रकल्पाचे सुशील सर मागून डोकावले. "आणि साखर नऊ! बाकीच्यांची चारच्या पुढं नाय. मॅडम, याची खीर करा, पीठ नको. संध्याकाळी अहवाल पाठवायचाय, सही करून ठेवा."

सर गेले. नऊ. एवढी गोडी आली कुठून? आणि सासूच्या गळ्यातली ओवी तिच्या कानाशी येऊन बसली. रताळी काढताना बायजाबाई नेहमी म्हणत:

*मातीतून आलं बाळ, त्याला पेंढ्यात निजवा*
*वीस दिसांची झोप गं, मग साखरेनं जागवा*

समीक्षाचे हात थांबले. गोरट्याचं पोतं आलं तेव्हा त्याला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या होत्या. तिनंच त्या वेचून टाकल्या होत्या. आणि नोंदीच्या कागदावर 'काढल्याची तारीख' या रकान्यात पोतं आलं तोच दिवस तिनं लिहिला होता. बाकी दोन्ही पोती काढल्या दिवशीच आलेली. घरच्या पोत्याचं काय विचारायचं?

तिनं फोन लावला.

"आई, माझ्याकडं दिलेली रताळी काढलेली कधी?"

"का गो? किडकं निघालं?"

"नाय ओ. कधी काढली ते सांगा."

"पुनवेला. वीस दिस पेंढ्यात ठेवली, मग दिली. तुझ्या हापिसातली मानसं खाणार, त्यांना काय ताज्या चिकाची देऊ? शिकलीस एवढी, पन रीत नाय कळत."

"ते खात नाहीत, आई. किसतात, वाळवतात, दळतात."

"आगं बाई! मग गोड हाय का नाय, ते कसं कळतं त्यांना?"

समीक्षानं कपाळ काचेला टेकलं. त्या वीस दिवसांत स्टार्चची साखर झाली होती. गोरटं हरलं नव्हतं, फक्त पिकून आलं होतं. पण हे सांगायचं, तर तारीख कुणी लिहिली हे निघणार. तिची नोकरी मार्चपर्यंतच्या करारावर. शिवाय वाण सासूचा. घरच्यासाठी धडपडते, असं म्हणायला कुणी मागं राहणार नाही. आणि गप्प बसायचं, तर आपल्याच सहीनं तो वेल उपटायचा. कुठूनही वळलं तरी भिंतच.

"आई, शेतात काय उरलंय?"

"एक सरी हाय. बेण्याला ठेवलेली."

"आत्ता काढा. धुऊ नका, पुसू नका, तशीच घेऊन या."

"नाय गो बाय. असली चिकाळ रताळी घेऊन मी सायबाम्होरं येऊ? लाज जाईल माझी."

"माझी जाणारच आहे, आई. तुम्ही सोबत या."

पलीकडं कुदळ उचलल्याचा आवाज आला. मग बायजाबाई म्हणाल्या, "रिक्षा बघते."

त्या आल्या तेव्हा उन्हं कलली होती. मातीनं माखलेली रताळी पदराखाली, कुणी बघू नये अशी धरलेली. समीक्षानं सरांसमोर जुनी तारीख खोडली, खरी लिहिली.

"सर, पहिली मी न विचारता लिहिली होती. ही रताळी माझ्या सासूची. हेही लिहिलंय."

सरांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे अहवाल आज जात नाही." मग चष्मा काढला. "चाचणी पुन्हा करू. पण तुम्ही हात लावायचा नाही. आणि मार्चनंतरचं मी काही बोलू शकत नाही."

"सायेब," बायजाबाई घाईनं म्हणाल्या, "ही खाऊ नका हां. वीस दिसांनी गोड झालेली देते."

सर हसले नाहीत, पण रताळी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. दार लागलं.

दोघी बाहेर बाकावर बसल्या. समीक्षाच्या बोटांना चीक लागला होता. चोळला तसा काळा पडत गेला. आतून किसणीचा आवाज येऊ लागला. तिचं काम, दुसऱ्याच्या हातात.

"माझ्यापायी गो तुझी नोकरी..."

"तारीख मी लिहिली होती, आई."

बायजाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत गोरट्याचा हातभर वेल. पेरांवरचे डोळे ताजे, पानं मलूल.

"कुठं लावणार?" समीक्षानं विचारलं.

"ते नाय ठाऊक." त्यांनी वेल तिच्या मांडीवर ठेवला. "आधी पान्यात घालू. तुझी बाटली दे."