सांबप्पांनी उघडलेलं इंजिन

मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सांबप्पांच्या शब्दाला वजन होतं. घरात एकुलता एक वीरुपाक्ष मात्र तो शब्द कानावरच घेत नसे. आडतीवर बसायचं सोडून पोरगं पत्र्याची इंजिनं करत बसतं म्हणून बापानं एकदा फार तोंड सोडलं, आणि पोरगं सरळ पूर्णा स्टेशनात नोकरीला लागलं. तेव्हापासून त्यानं घराचं तोंड पाहिलं नव्हतं. आता निरोप आला होता: दिवाळीला येतो, संध्याकाळच्या गाडीनं परत जातो.

पोरगं चार दिवस राहावं असं सांबप्पांना फार वाटत होतं. पण माफी मागायची सवय त्यांच्या जिभेला कुठली? म्हणून त्यांनी कोनाड्यातलं त्याचं चावीचं इंजिन खाली काढलं. ते कधीचंच बंद पडलं होतं.

उघडून बघतात तर आत राखेचा चिखल. त्यांची बायको सिद्धम्मा दर दसऱ्याला दुकानातल्या तराजूबरोबर इंजिनालाही भस्माचे पट्टे ओढायची, वर समईतलं करडईचं तेल सोडायची. लेकाची वस्तू म्हणून जरा सढळ हातानंच. तेलाचा चिकटा झाला आणि भस्मानं दाते खाल्ले.

"म्या तर भक्तीनं केलं," ती ओशाळून म्हणाली.

"देवाला पोचलं. चाकालाबी पोचलं," म्हणत सांबप्पांनी घासलेटाची वाटी मागितली.

सगळं धुऊन काढलं. झिजलेल्या दातेरी चाकाएवढं चाक मिळेना, तेव्हा गजराच्या जुन्या घड्याळातली दोन लहान चाकं एकाला एक लावून त्यांनी जागा भरली. इंजिन रुळावर घसरू नये म्हणून जिनिंगात पट्ट्याला लावतात ती राळ चाकांना लावली. मग इंजिन हातात उताणं धरून चावी दिली. चाकं गरागरा फिरली आणि स्वारी खूश झाली.

वीरुपाक्ष आला, पाया पडला, जेवला. बोलणं होय-न्हाईच्या पुढं गेलं नाही. तो पिशवी उचलायला लागला तेव्हा सांबप्पांनी घाईघाईनं इंजिन पत्र्याच्या रुळांवर सोडलं. ते थेट उलटं धावत सुटलं आणि रूळ संपल्यावर भिंतीला धडकलं. सांबप्पांचा चेहरा पडला.

वीरुपाक्षानं इंजिन उचलून खालून पाहिलं. "राळ कुणी लावली?"

"मीच."

"मला न्हाई सुचलं कधी." त्यानं आत बोट घातलं. "चाक एक जास्त झालंय, आप्पा. म्हणून उलटं जायलाय. पेचकस कुठं हाय?"

दोघं खाली बसले. बाहेर अंधारून आलं तसे सांबप्पा चुळबुळले. "तुझी गाडी जाईल रं."

"जाऊ द्या. कंदील जरा इकडं धरा."

सांबप्पांनी कंदील धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण पोरगं दात्यांकडं बघत होतं.