चेहरा बघूनच सोडा

"रांग धरा! एकेकानेच बाहेर जायचं!"

मावशीने इस्पितळाच्या दाराचं एक कवाड लावून घेतलं आणि उरलेल्या वाटेत स्वतः उभी राहिली. बालविभागातून दीड वर्षाची मुलगी नाहीशी झाली होती. आई औषध घ्यायला वळली, तेवढ्यात. अशा वेळचा नियम एकच : कडेवर मूल असेल तर त्याचा चेहरा बघूनच माणूस सोडायचा.

मावशीचं अर्धं आयुष्य या दारात गेलं होतं. "मला विचारल्याशिवाय इथून वारासुद्धा हलत नाही," असं ती हसून सांगायची. स्वतःला मूलबाळ नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या पोरांचे गालगुच्चे घेऊन ती हौस भागवायची.

रांगेतून एक माणूस पुढे आला. खांद्यावर दुलईत गुंडाळलेलं मूल. मागे बायको, हातात दुधाची बाटली.

"झोपलं वाटतं पिल्लू," मावशी म्हणाली. "जरा तोंड दाखवा हो."

त्याने दुलई आणखी घट्ट धरली. "नको."

"लपवतोय बघा! धरा त्याला!" मागून कुणीतरी ओरडलं.

तो मावशीच्या कानाशी वाकला. "सकाळी गेली ती. जाऊ द्या आम्हाला."

मुकाट्याने बाजूला व्हावं, असं मावशीला वाटलं. पण वर जिन्यात ती दुसरी आई हंबरडा फोडत होती. आणि हा खोटं बोलत असला तर?

"दादा, मला बघावंच लागेल."

"माणूस आहात का कोण?" तो म्हणाला.

तेव्हा बायको पुढे झाली. "बघू दे त्यांना. त्या बाईचा जीव टांगणीला लागलाय." आणि तिनेच दुलईचं टोक बाजूला केलं.

मावशीने बघितलं. केस नीट विंचरलेले होते.

"बाय माझी," एवढंच तिच्या तोंडून निघालं. तिने टोक पुन्हा चेहऱ्यावर ओढलं.

एवढ्यात वरून गलका झाला. "सापडली! पडद्यामागे झोपली होती!"

टाळ्या वाजल्या. रांग मोडून माणसं दाराकडे धावली. मावशीने दोन्ही हात पसरले.

"थांबा. आधी हे जातील."

"आता कशाला? सापडली ना पोर!"

"थांबा म्हटलं ना!"

गर्दी चपापली. बायकोने मावशीच्या दंडाला हात लावला. "बरी आहे ना हो ती पोर?"

मावशीने मान हलवली आणि दोन्ही कवाडं सताड उघडली.

बाहेर ऊन चटकत होतं. पायऱ्या उतरताना त्या माणसाने दुलईवर तळहात आडवा धरला, मुलीच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून.