दोन शिक्क्यांची औषधपेटी

मित्रांनो, माझ्या पाठीवर दोन शिक्के आहेत. डावीकडचा लंडनच्या सरकारचा आणि उजवीकडचा हिंदुस्थान सरकारचा. तापलेल्या लोखंडाने ते डागले, त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. मी एक जुनी सागवानी औषधपेटी आहे. माझा जन्म मुंबईचा, पण सध्या मी अमेरिकेत शिकागोजवळ शॉमबर्ग गावात राहते. माझी गोष्ट जरा कडू आहे. औषधासारखीच ती शेवटपर्यंत घ्यावी लागेल.

भायखळ्याच्या एका सुताराने मला घडवले. माझ्या कोपऱ्यांना पितळ ठोकले, आत बारा खण केले आणि झाकणाला दोन बिजागऱ्या बसवल्या. मग मला बोटीत घालून इराणच्या आखाताकाठच्या एका लहानशा बंदरात नेले. तेथे इंग्रजांची वकिलात होती. तिचा उपयोग दोन्ही सरकारांना होता. लंडनला तेथून रशियावर नजर ठेवायची होती आणि हिंदुस्थान सरकारला आपल्या व्यापाऱ्यांची व जहाजांची काळजी होती. म्हणून दोघांनी ठरवले, की खर्च निम्मा निम्मा करायचा. हिंदुस्थानचा निम्मा वाटा आपल्याकडच्या लोकांच्या करातून जात असे. त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

निम्मा निम्मा ऐकायला किती छान वाटते, नाही का? मलाही वाटले होते. पण तेथे खुर्ची मोडली तरी दोन पत्रे जात, एक तेहरानमार्गे लंडनला आणि दुसरे मुंबईमार्गे सिमल्याला, हिंदुस्थान सरकारकडे. दोघांचा होकार आल्याशिवाय खिळासुद्धा विकत घ्यायचा नाही. हिशेब चुकू नये म्हणून माझ्या पोटातही वाटणी झाली. डावे सहा खण लंडनच्या औषधांचे, उजवे सहा हिंदुस्थानच्या औषधांचे. माझी डावी बिजागरी सैल झाली तेव्हा तिच्यासाठीही दोन पत्रे गेली. लंडनने लिहिले, पेटी मुंबईची, मुंबईने दुरुस्त करावी. सिमल्याने लिहिले, बिजागरी डावी आहे, सबब ती लंडनच्या बाजूची. ती तशीच राहिली. खुळखुळत.

माझी देखभाल विष्णू नावाचा कंपाउंडर करी. तो कोकणातला, अबोल आणि नेटका होता. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो एक कागद चिकटवी आणि कोणाला किती औषध दिले, त्याच्या रेघा मारी. पूर्ण मात्रेला उभी मोठी रेघ, अर्ध्या मात्रेला तिच्या निम्मी.

एका वर्षी बंदरात हिवताप शिरला आणि माझ्यातली क्विनीन संपत आली. विष्णूने मागणीपत्र लिहायला सांगितले. ते लिहिले बाळ कारकुनाने. बाळचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि दोन्ही प्रतींत एका काना-मात्रेचा फरक नसे. लंडनचे उत्तर आले, की हिंदुस्थानची संमती कळवावी. सिमल्याचे उत्तर आले, की लंडनची संमती कळवावी. तेवढ्यात बाळलाच ताप भरला.

"बाजारात आहे क्विनीन," विष्णू वकिलातीच्या साहेबाला म्हणाला. "आर्मेनियन व्यापाऱ्याकडे."

"होकार येऊ दे," साहेब म्हणाला. "एवढ्यात येईल."

विष्णूने उरलेली क्विनीन पुरवून पुरवून वापरली. कागदावरच्या रेघा निम्म्या झाल्या. अर्ध्या मात्रेने ताप हटत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. बाळ गेला. अकराव्या दिवशी बोटीने क्विनीन आली, ती मागितली त्याच्या निम्मी. उरलेली निम्मी पुढच्या महिन्यात दुसऱ्या बोटीने आली. दोन्ही सरकारांनी आपापला वाटा चोख पाठवला होता.

विष्णू नोकरीतून सुटला तेव्हा साहेबाने मला त्याच्या हवाली केले, कारण सैल बिजागरीमुळे मी दोघांच्याही यादीतून निघाले होते. पुढे मी त्याच्या नातवाकडे आले. त्याचे नाव सुमंत. सुमंत पुण्यात शाळामास्तर होते. मी कितीतरी वर्षे त्यांच्या कपाटावर धूळ खात पडून होते. बायको गेल्यावर ते मुलीकडे अमेरिकेत राहायला आले, तेव्हा त्यांनी मला बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणले. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके चुकतात. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी घ्यावी लागते. ते त्या गोळ्या माझ्यात ठेवतात आणि आजोबांच्या रीतीप्रमाणे झाकणाच्या आतल्या कागदावर वार लिहून रेघ मारतात.

पुन्हा कामाला लागले म्हणून मी किती सुखावले होते, काय सांगू.

त्यांची दहा वर्षांची नात अनिका. सुट्टीत ती माझ्याशी खेळत बसे.

"व्हाय टू स्टॅम्प्स, आजोबा?"

"दोन मालक होते तिला."

"लाइक डिव्होर्स्ड पेरेंट्स?"

आजोबा खोकला येईपर्यंत हसले. "अगदी तसंच. एकच काम, पण दोघं म्हणणार, आधी त्याला विचारा." मग त्यांनी तिला बाळ कारकुनाची गोष्ट सांगितली. सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "दोन एवढी मोठी सरकारं, आणि एक बाटली क्विनीन देता आली नाही त्यांना."

मित्रांनो, त्याच आठवड्यात मी एक संभाषण ऐकले आणि माझे सागवानी अंग गार पडले.

सुमंतांना दोन मुले. राधिका इथे शॉमबर्गला आणि धाकटा शंतनू दूर पश्चिम किनाऱ्यावर सांता क्लाराला. दोघेही कॉम्प्युटरच्या नोकरीत, दोघेही प्रेमळ. बाबांची कामे आणि खर्च त्यांनी निम्मे निम्मे वाटून घेतले होते आणि त्याची यादी फोनमध्ये ठेवली होती. पुण्याहून आणलेल्या गोळ्या संपत आल्या होत्या. इथल्या डॉक्टरांची नवी चिठ्ठी लागणार होती. अपॉइंटमेंट शंतनूने घ्यायची, बाबांना राधिकाने न्यायचे, असे ठरले होते.

राधिका फोन स्पीकरवर टाकून कपड्यांच्या घड्या करत होती. "शंतनू, बाबांची अपॉइंटमेंट बुक केलीस?"

"ताई, तू इन्शुरन्स कार्डाचा फोटो पाठव ना. मग करतो."

"आधी डेट तर सांग. मला त्या दिवशी सुट्टी टाकावी लागेल यार."

"कार्डाशिवाय डेट दाखवत नाहीत ते. आणि मागच्या वेळी डोळ्यांचं मीच केलं होतं."

"आणि दातांचं? ते कोणी केलं?"

"बरं बाई. शीटमध्ये लिहून ठेव."

सुमंत दारात उभे होते. त्यांच्या हातात रिकामा कप होता. "भांडू नका रे," ते म्हणाले. "माझ्याकडे भरपूर आहेत गोळ्या."

नव्हत्या. चौदाच उरल्या होत्या. त्यांच्या आणि माझ्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी सुरीने गोळीचे दोन तुकडे केले. एक घेतला आणि दुसरा माझ्या उजव्या खणात ठेवला. मग पेन्सिलीने कागदावर लहान रेघ मारली. निम्मी. ती रेघ मी ओळखत होते. मला ओरडायचे होते. अहो मास्तर, परवाच तर तुम्ही गोष्ट सांगितलीत. पण लाकडाला गळा नसतो. मी बिजागरी खुळखुळवण्याचा प्रयत्न केला, तर त्यांनी झाकण आणखी घट्ट दाबून बसवले.

अनिकाच्या नजरेला ते एकदा आले. "धिस वन इज शॉर्ट. अँड धिस. व्हाय?"

"पेन्सिल झिजली बाळा."

ती खेळायला पळाली. राधिका दारातून विचारी, "बाबा, गोळ्या आहेत ना?" आणि बाबा म्हणत, "आहेत, आहेत." ते माझ्या झाकणावर हात ठेवून असे म्हणत. मित्रांनो, माझ्या साक्षीने कोणी खोटे बोलले, तर मी काय करावे? फोटो गेला नाही. तारीख आली नाही. दोघेही कामात बुडालेले होते, आणि दोघांनाही वाटत होते, की अडले आहे ते दुसऱ्याकडे.

चौदा गोळ्यांचे अठ्ठावीस तुकडे झाले. ते चौदा दिवस पुरले. रविवारी सकाळी शेवटचा तुकडा गेला. पुढचे दिवस कागद कोरा राहिला. मी रिकामी होते. रिकाम्या पेटीचे ओझे किती असते, ते मला त्या चार दिवसांत कळले.

गुरुवारी सकाळी सुमंत चहा पीत होते. कप उजव्या हातातून सुटला. ते खाली बघत राहिले, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता. ओठ एका बाजूला ओढले गेले. अनिका समोरच होती. तिने हाक मारली नाही, ती थेट जिन्यावरून वर धावली आणि आईला मीटिंगमधून हाताला धरून घेऊन आली.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. तिच्यातल्या बाईने घाईघाईने विचारले, हे कोणती औषधे घेतात, शेवटची गोळी कधी घेतली. ती म्हणाली, मेंदूत गुठळी अडकली असावी, आणि ती विरघळवायचे इंजेक्शन आहे. पण रक्त पातळ करणारी गोळी पोटात असेल, तर ते बहुधा देता येत नाही, रक्तस्राव होतो.

"रोज घेतात," राधिका म्हणाली. "दोन वेळा. आजही घेतली असेल."

बाईने मान हलवली आणि हातातल्या पाटीवर तसे टिपून घेतले.

मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मी एवढी हताश कधी झाले नव्हते. खरे उत्तर माझ्या झाकणाच्या आत होते, आणि झाकण बंद होते. सुमंत काहीतरी सांगू बघत होते, पण शब्दांचा गाळ होत होता. डावा हात ते माझ्याकडे नेत होते. राधिकाला वाटले, ते तिचा हात मागत आहेत.

"औषधे सोबत घ्या," बाई म्हणाली. "असतील तेवढी सगळी."

राधिकाने मला बाजूच्या कडीला धरून उचलले. मी कलंडले, झाकण उघडून त्याचा सारा भार एका बाजूला आला, आणि शंभर वर्षे ज्या बिजागरीचा खर्च कोणी उचलला नाही, ती डावी बिजागरी तुटली. दुसरीही तिच्यापाठोपाठ गेली. झाकण सुटून जमिनीवर पडले, कागदाची बाजू वर करून.

राधिका रिकाम्या खणांकडे बघत राहिली. अनिका गुडघ्यांवर बसली आणि कागदावर बोट ठेवले.

"दोज आर हिज पिल्स, मम्मा. बिग वन्स, देन शॉर्ट वन्स." बोट कोऱ्या जागेवर आले. "देन नथिंग. आफ्टर सन्डे नथिंग."

राधिकाने बाईचा दंड धरला. "चार दिवस घेतलेली नाही त्यांनी. लिहून घ्या. रविवार सकाळनंतर एकही नाही." झाकण तिने छातीशी धरले आणि ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

इंजेक्शन मिळाले. वेळेत मिळाले, असे डॉक्टर म्हणाले. वेळेत म्हणजे पूर्ण नव्हे. सुमंत वाचले, पण उजवा हात अजून उठत नाही आणि बोलताना शब्द अडखळतात.

संध्याकाळी शंतनू विमानतळावरून थेट इस्पितळात गेला आणि मग घरी आला. बहीण-भाऊ माझ्यासमोर बसले होते.

"मी फोटोची वाट बघत होतो, ताई."

"आणि मी तारखेची."

राधिकाने फोन उघडला आणि ती यादी पुसून टाकली. शंतनू ते बघत होता. त्याने अडवले नाही.

सुमंत घरी आल्यावर शंतनू दुकानातून नव्या पितळी बिजागऱ्या घेऊन आला. "बाबा, झाकण बसवतो. पहिल्यासारखं."

सुमंतांनी डाव्या हाताने नको अशी खूण केली. एकेक शब्द उचलून ठेवावा तसे ते बोलले. "झाकण… नको. उघडी… राहू दे."

तेव्हापासून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असते, बिनझाकणाची. जाता-येता ज्याची नजर पडते, तो गोळ्या मोजतो. कोणाची पाळी, हे कोणी विचारत नाही. रेघा आता अनिका मारते, सगळ्या मोठ्या.

मित्रांनो, एकेकाळी मला माझ्या घट्ट झाकणाचा फार अभिमान होता. बाळ कारकून गेला तेव्हा मी बंद होते. मास्तर तुकडे करत होते तेव्हाही मी बंद होते. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणे आहे. तुमच्या घरातही एखादे आजोबा, एखादी आजी असेल. त्यांचाही औषधांचा डबा असेल. औषध आहे का, असे त्यांना दारातून विचारू नका. ते आहे म्हणतील. आत जा, आणि डबा स्वतः उघडून बघा.