बंबावरची मिरवणूक

अजिंक्यपद जिंकून होलुबला परत आलं की आगीच्या बंबावर चढायचं, ही गावची रीत. कुस्तीत जिंका, धावण्यात जिंका, नाहीतर शाळेच्या व्हॉलीबॉलमध्ये. गावाच्या वेशीवर बंब उभा असतो, भोंगा वाजवत धान्याच्या कोठारापर्यंत मिरवणूक निघते, आणि मग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सगळ्यांना चिलीचा गरम, तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल. नेब्रास्कातली ही गावं व्हॉलीबॉलवर जीव टाकतात. पेरणी चुकली तर चालेल, पण मुलींची मॅच चुकवायची नाही!

त्या डिसेंबरात बंबावर चढायची पाळी डार्बी कुचेराची होती. आणि ही साधीसुधी जीत नव्हती. अख्ख्या देशातल्या विद्यापीठांचं अजिंक्यपद! होलुबच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. डार्बी मात्र वेशीवर आईच्या गाडीत बसून होती. दार उघडायला तिचा हात धजत नव्हता.

कारण बंब चालवणार होता लाइल ओल्टमन्स. मेरनचा बाप.

डार्बी आणि मेरन एकाच शेडमध्ये खेळायला शिकल्या होत्या. लाइलने ट्रॅक्टर बाहेर काढून तिथे दोन खांबांना जाळं बांधून दिलं होतं. डार्बी चेंडू उचलून द्यायची, मेरन मारायची. शाळेत डार्बी बास्केटबॉलही खेळली, लांब उडीतही पदकं आणली, पण जीव रमला तो याच कामात. चेंडू उचलून देणाऱ्या सेटरचं काम म्हणजे दुसऱ्याला वाढायचं आणि आपण उपाशी राहायचं, असं लाइल म्हणायचा. डार्बीला ते आवडायचं. दोघींनी शाळेला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि मग एकाच छोट्या कॉलेजात गेल्या.

तिथेच मेरनचा उजवा खांदा गेला. म्हणजे सगळा नाही. तिरका फटका ती अजूनही तोफेसारखा मारायची. पण कडेच्या रेषेला धरून सरळ मारायचा तर हात पार मागे न्यावा लागे, आणि तिथे असली कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

"कुणाला बोललीस ना, तर जीव घेईन," मेरन म्हणाली होती. "कोचला नाही, बाबांना तर अजिबात नाही. बसवून ठेवतील मला."

"मग खेळणार कशी?"

"तू आहेस की. तू दे ना बरोबर."

आणि डार्बीने दिले. दोन वर्षं ती चेंडू जाळ्याच्या टोकापर्यंत पाठवतच नव्हती, हातभर अलीकडेच सोडायची. तिथून कुणीही तिरकंच मारेल, म्हणून कुणाला संशय आला नाही. त्या दोघींच्या खेळातलं सगळ्यांत सुंदर कौशल्य हे होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

मग मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. डार्बी रडली, तेव्हा मेरननेच तिला हाकललं. "जा गं बाई! अशी संधी पायाने ढकलतेस? मी काय मरते का इथे?"

मोठ्या विद्यापीठात सगळंच मोठं होतं, आणि डार्बी अगदी लहान. अर्धा हंगाम ती बाकावर टाळ्या वाजवत बसली. पहिल्या सेटरचा घोटा मुरगळला म्हणून तिला कोर्टवर उतरवलं, तरी संघातल्या मुलींच्या नजरेत ती खेड्यातून आलेली बदली खेळाडूच राहिली. खेळ चांगला चालला होता, संघ जिंकतही होता, पण जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. हे तिला फार लागायचं.

शेवटच्या आठ संघांत आल्यावर समोर कोण? तिचंच जुनं कॉलेज.

आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांचा खेळ पडद्यावर दाखवायची बैठक झाली. कोच कॉनी स्ट्रोबेल बाई मोठी सरळ होती. ती आधीच म्हणाली, "कुचेरा, त्या तुझ्या मैत्रिणी आहेत. तुला मी काहीही विचारणार नाही." बैठक संपली, मुली उठल्या, कुणीतरी दारही उघडलं.

"कोच, एक मिनिट," डार्बी म्हणाली.

का म्हणाली? नंतर तिने स्वतःला हजारदा विचारलं. जिंकायचं होतं म्हणून? छे. सगळ्या मुली वळून तिच्याकडे बघतील, म्हणून. आणि बघितलं त्यांनी. उघडं दार पुन्हा लागलं. डार्बी पडद्यापाशी गेली आणि म्हणाली, "ओल्टमन्स सरळ मारत नाही. मारूच शकत नाही. कडेची रेषा सोडून द्या." त्या रात्री जेवताना तिच्या दोन्ही बाजूंना मुली बसल्या होत्या.

मॅचमध्ये जाळ्याच्या टोकाला, मेरनच्या समोर, अडवायला उभी राहिली डार्बीच. मेरन उडाली की डार्बी रेषा मोकळी सोडून आत सरकायची, तिरक्या वाटेवर हात धरायची. पहिला फटका तिच्या हातावर आपटून मेरनच्याच पायाशी पडला. दुसराही. तिसऱ्यानंतर मेरनने जाळ्यातून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला कळलं होतं, एवढंच.

चौथ्या डावात मेरनने सरळ मारला. हात पार मागे नेऊन, सगळी ताकद लावून, मोकळ्या रेषेवर. काय फटका होता तो! चेंडू आत पडला, गुण मिळाला, आणि मेरन खांदा धरून जमिनीवर बसली ती उठलीच नाही.

डार्बीचा संघ जिंकला. पुढच्या आठवड्यात अजिंक्यपदही जिंकला. मेरनचं ऑपरेशन झालं. तुर्कस्तानातल्या एका व्यावसायिक क्लबशी तिचं बोलणं चाललं होतं, ते फिसकटलं. डॉक्टर म्हणाले, आता खेळ विसर. डार्बीने फोन हातात घेतला आणि ठेवला, असं किती वेळा केलं याला गणती नाही.

गाडीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर मेरन उभी होती, कोटाची एक बाही रिकामी, हात झोळीत.

"उतर की! थंडीने गोठलं सगळं गाव. महाराणींची वाट बघतायत."

डार्बी उतरली.

"एक विचारू?" मेरन हळूच म्हणाली. "कोचने विचारलं ना तुला? खोदून खोदून?"

डार्बीने तिच्याकडे पाहिलं.

"विचारल्यावर तू तरी काय करणार? त्यांचं मीठ खातेस तू. बाबा तर बंबाच्या चाव्या टेबलावर आपटून म्हणाले होते, त्या पोरीला मी नाही नेणार. मी म्हटलं, बाबा, डार्बी आपणहून सांगणारी नाही. तिच्याकडून काढून घेतलं असणार. बरोबर ना?"

खरं सांगायचं तर एकच शब्द पुरे होता. नाही. एवढा एक शब्द, आणि मेरनला निदान कळलं असतं की ती कुणासाठी भांडली. पण मेरनचा चेहरा असा आशेने वर उचललेला होता, आणि डार्बीला मैत्रीण परत हवी होती. फार हवी होती.

"हो," ती म्हणाली. "मागेच लागल्या होत्या गं. सोडेचनात."

मेरनने सुस्कारा टाकला आणि एका हाताने तिला घट्ट मिठी मारली. मग बंबाकडे तोंड करून ओरडली, "बाबा! म्हटलं होतं ना मी?"

लाइल खाली उतरला. टोपी काढून समोर उभा राहिला. लोकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती, त्याचे कान लाल झाले.

"पोरी, मी तुला मनात नाही नाही ते बोललो. माझ्या हाताखाली वाढलेली तू, मला कळायला हवं होतं. माफ कर मला."

"तुम्ही कशाला माफी मागता, लाइल?" डार्बी म्हणाली. तिचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, आनंदाने.

त्याने तिला हाताला धरून शिडीवर चढवलं. भोंगा सुरू झाला, पोरं ओरडायला लागली, आई रडायला लागली. वरून डार्बीने हात खाली केला, "मेरन, ये ना गं तूही!" पण मेरनला एका हाताने शिडी चढता येईना. ती हसली, मागे सरकली, आणि बंब निघाला तशी रस्त्याच्या कडेने बरोबर चालत राहिली. डार्बीच्या नावाने सगळ्या गावात तीच सर्वांत मोठ्याने ओरडत होती.